सायकल ट्रॅकची टोकं

गाडीचं क्लचचं काम निघालं आणि गॅरेजवाला म्हणाला पाच दिवस लागतील, एवढ्यावरून माझं सायकलने ऑफिसला जाणं सुरू झालं. पर्यावरण, फिटनेस, पेट्रोलचे भाव असलं काही डोक्यात नव्हतं हे आधीच सांगून ठेवतो, कारण नंतर लोक फार कौतुकाने विचारायला लागले की तुला हे सुचलं कसं. मला काही सुचलं नव्हतं. रिक्षा मिळेना आणि बाल्कनीत २०२० सालची सायकल पडलेली होती, लॉकडाऊनमध्ये निम्म्या पुण्याने घेतली तशीच मीही घेतलेली, दोनदा खडकवासल्याला जाऊन आलो आणि त्यानंतर तिच्यावर टॉवेल वाळत होते.

घर कर्वेनगरला, ऑफिस शिवाजीनगरला, अंतर सात किलोमीटरच्या आसपास. कारने सकाळी पाऊण तास धरायचाच. पहिल्या दिवशी सायकलने ३८ मिनिटं लागली, त्यात एकदा चेन पडली आणि मला ती बसवता येईना म्हणून एका दूधवाल्याने बसवून दिली. महिन्याभरात तेच अंतर २८ मिनिटांवर आलं आणि मग रोज २८च, नळ स्टॉपला काय झालंय, कुणाचा दौरा आहे, कुठे मांडव पडलाय, काही फरक पडेना. पाच दिवसांनी गाडी घरी आली पण ती तशीच खाली उभी राहिली.

पहिलं काम झालं ते आमच्या कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या काकांकडे. त्यांनी माझी सायकल बघितली आणि हसले. म्हणाले, "हिला स्टँड नाही, मडगार्ड नाही, कॅरियर नाही, चेनगार्ड नाही. हा नुसता सांगाडा आहे हो, सायकल कुठंय?" दुकानात या सायकली अशाच मिळतात, रविवारी पहाटे फिरून येण्यासाठी, ऑफिसची पँट घालून पावसात जायचं असेल तर काय हे कुणी विचारातच घेतलेलं नसतं. काकांनी बारीक टायर काढून जाडे टायर बसवले, दोन्हीकडे मडगार्ड, मागे लोखंडी कॅरियर, पितळी टोपीची घंटी. पैसे गेले पण बाराशे रुपयांच्या त्या घंटी-कॅरियर-मडगार्डने जो फरक पडला तो गिअरने कधी पडला नव्हता, मी तर आता सात किलोमीटरात एकच गिअर वापरतो.

आईला वाटलं मी गाडी विकली. तसं थेट विचारलं नाही तिने, दोन दिवस वाट बघून मग हळूच म्हणाली, "अरे, ऑफिसात सगळं ठीक आहे ना?" आणि ऑफिसच्या गेटवर सिक्युरिटीचे दादा म्हणाले, "साहेब, सायकल बाहेर लावा, आत फक्त गाड्या." मी म्हटलं ही पण माझी गाडीच आहे, तर म्हणाले की तसं आहे पण रजिस्टरमध्ये नंबर लिहावा लागतो, हिला नंबर कुठंय. तीन आठवडे बाहेर झाडाला साखळीने बांधली. मग अॅडमिनच्या मॅडमना भेटून जनरेटरच्या मागची चार फूट जागा मिळवली, तिथे आता सात सायकली असतात, त्यातल्या पाच हाउसकीपिंग आणि पॅन्ट्रीतल्या लोकांच्या. ते लोक आधीपासूनच सायकलने येत होते. गेटबाहेर, त्याच झाडाला लावत होते. मला आठ वर्षांत दिसल्या नव्हत्या.

रस्त्याचं सांगतो. डीपी रोडने यायचं, म्हात्रे पुलाच्या अलीकडे डावीकडे वळायचं, कर्वे रोड एकदाच आडवा ओलांडायचा, मग प्रभात रोडच्या नंबरवाल्या गल्ल्या, तिथे सावली चांगली आहे आणि एखादा कुत्रा सोडला तर कुणी अंगावर येत नाही, तिथून भांडारकर रोड आणि शेवटी फर्ग्युसन रोडने वर. जंगली महाराज रोड उलट बाजूने वन-वे असल्यामुळे तो संध्याकाळचा. हा रस्ता सापडायला दोन महिने गेले. मोबाइलचा मॅप कारचा रस्ता सांगतो आणि कारला जो चांगला तो आपल्याला जीव मुठीत धरून जायचा. सायकलवाल्याला चढ किती आहे, डावीकडे वळणाऱ्या बस कुठे आहेत आणि कुठल्या चेंबरच्या जाळीच्या फटी चाकाच्या दिशेने आहेत हे कळायला हवं. त्या शेवटच्या प्रकारात माझं पुढचं चाक एकदा अडकलं होतं, कोपर सोलवटलं, बाकी काही नाही.

आणि मग ट्रॅक. पुण्यात सायकल ट्रॅक नाहीत असं नाही. २००६ला बीआरटीचा, म्हणजे बसला वेगळी लेन असलेला, कात्रज-स्वारगेट-हडपसर हा मार्ग सुरू झाला, देशातला पहिला, तेव्हाच त्याच्या कडेने सायकलचे ट्रॅक आखले होते. पुढे डिसेंबर २०१७मध्ये शहराचा स्वतंत्र सायकल आराखडा महापालिकेच्या मुख्य सभेत मंजूर झाला, त्यात ८०० किलोमीटरच्या वर जाळं दाखवलंय. त्याच सुमारास त्या भाड्याच्या सायकली आल्या, विद्यापीठाच्या आवारात आधी आणि मग सगळीकडे, पिवळ्या, केशरी, मोबाइलवर कुलूप उघडायचं, आणि वर्ष-दीड वर्षात जशा आल्या तशा गेल्या, काहींची तर मोडतोड झाली. म्हणजे कागद होता, पैसा होता, सायकलीपण होत्या. आमचे वडील खडकीच्या दारूगोळा फॅक्टरीत होते आणि सदाशिव पेठेतून सायकलने जायचे, फॅक्टरी सुटली की सायकलींचा लोंढा निघायचा आणि त्या लोंढ्यात गाडीवाला बिचारा हॉर्न वाजवत अडकायचा असं ते सांगतात. तेव्हा तर ट्रॅक हा शब्दही नव्हता. डबल सीट पकडलं किंवा रात्री दिवा नसला तर पोलीस चाकातली हवा सोडायचे, हे सांगताना वडिलांना अजून राग येतो, साठ वर्षं झाली तरी.

माझ्या वाटेवर एक सहाशे-सातशे मीटरचा ट्रॅक लागतो. कुठला ते सांगत नाही, उगाच तिथल्या माणसांना त्रास नको, आणि असे बरेच आहेत. दिसायला छान, लाल रंगाचा, शेजारी झाडं, फूटपाथपेक्षा वेगळा. पहिले चार महिने मी त्याच्यावरून गेलोच नाही, शेजारच्या रस्त्यावरून गेलो, आणि का ते मला नीट सांगताही आलं नसतं. एक दिवस सिग्नलला शेजारी एक सायकलवाले दादा थांबले, मागे कॅरियरवर टाइल्सचं खोकं सुतळीने बांधलेलं. मी सहज विचारलं की दादा, हा ट्रॅक आहे की, इकडून का नाही जात? ते म्हणाले, "चढवायची कुठून साहेब? आणि उतरवायची कुठून? मागं वजन आहे."

झालं. मी उतरून बघितलं. ट्रॅक रस्त्यापासून जवळजवळ १५ सेंटीमीटर उंच, सुरुवातीला उतारच नाही, थेट कर्ब, म्हणजे कडेची उभी दगडी पट्टी. त्याच्या पुढे दोन लोखंडी खांब, बोलार्ड म्हणतात ते, त्यांच्यातून माझं हँडल जेमतेम जातं. मध्ये एका गल्लीच्या तोंडाला ट्रॅक संपतो, पुन्हा १५ सेंटीमीटर खाली, गल्ली ओलांडली की पुन्हा १५ वर. आणि पलीकडचं टोक जिथे चौकात यायला हवं तिथे विजेचा डीपी, म्हणजे वीज वाटपाची ती मोठी पेटी, उभा. मधला ट्रॅक एक नंबर. चार टोकं आणि चारही बंद. आपल्याकडे ट्रॅक बांधताना किलोमीटर मोजतात, त्यामुळे मधला भाग होतो आणि टोकांचं काम कुणाच्याच हिशोबात येत नाही, असं माझं मत झालंय. सायकलवाल्याला गरज चौकातच असते, सरळ रस्त्यावर तर कडेने तसाही जातो तो.

लोक म्हणाले नगरसेवकाला भेट. ही २०२३ची गोष्ट, आणि नगरसेवकांची मुदत मार्च २०२२मध्येच संपलेली, निवडणुका नाहीत, प्रशासकाचा कारभार. भेटायचं कुणाला? मग ऑफिसातल्या एका सीनियर बाईंनी सांगितलं की सहभागी अंदाजपत्रकाचा फॉर्म भर. पुण्यात ही सोय २००६-०७पासून आहे आणि मी जन्मापासून इथे राहून मला माहीत नव्हती. आपल्या भागातलं छोटं काम आपण सुचवायचं, ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात फॉर्म द्यायचा, एका कामाला पाच लाखांची मर्यादा, ते पसंत पडलं तर पुढच्या वर्षीच्या बजेटमध्ये येतं. लोक बहुतेक बाक मागतात, पेव्हर ब्लॉक मागतात, दिवे मागतात.

मी फॉर्ममध्ये पहिल्यांदा लिहिलं "सायकल ट्रॅक सुधारणे". बाईंनी ते वाचून खोडायला लावलं. म्हणाल्या सुधारणे म्हणजे काय, काहीच नाही, त्याचं कुणी एस्टिमेट करू शकत नाही. जागा लिही, किती ठिकाणी, काय काढायचं, काय बसवायचं, मापं टाक, फोटो लाव. म्हणून एका शनिवारी मी टेप घेऊन गेलो आणि बायकोला दुसरं टोक धरायला लावलं. ट्रॅकची रुंदी ठीक निघाली, कर्ब १४ ते १६, खांबांमधलं अंतर ७१ सेंटीमीटर. माझ्या सायकलचं हँडल ६२. बिल्डिंगमध्ये येऊन वॉचमनच्या डोळ्यांसमोर चार स्कूटरची हँडलं मोजली, ती सत्तरच्या आसपास. वॉचमन म्हणाला, "काय, विकायच्या आहेत का?"

हे मोजल्यावर एक गोष्ट कळली. ज्या फटीतून सायकल आरामात जाते त्या फटीतून स्कूटरही जाते. हँडलांत फरकच आठ-दहा सेंटीमीटरचा, खांबांनी स्कूटर अडवायची म्हटलं की सायकलपण अडली, आणि व्हीलचेअर तर आधीच अडली कारण तिला ९० तरी लागतात. मी मनाशी ठरवून ठेवलं होतं की खांब हा कुणाचा तरी मूर्खपणा आहे. तसं नाहीये ते. कार्यालयातल्या ज्युनियर इंजिनियर साहेबांनी मला एक फाइल काढून दाखवली, त्यात खांब काढा म्हणणारे अर्ज आणि खांब बसवा म्हणणारे अर्ज एकाखाली एक लावलेले, आणि खांब बसवा म्हणणारे जास्त, बहुतेक ज्येष्ठ नागरिक, फूटपाथवर टू-व्हीलर येतात म्हणून. साहेब म्हणाले, "तुम्ही सांगा मी कुणाचं ऐकू." माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्याआधी मी एक काम केलं होतं ते उपयोगी पडलं. मंगळवारी सकाळी साडेसात ते नऊ तिथे वही घेऊन उभा राहिलो आणि जाणाऱ्या सायकली मोजल्या. मला वाटलं होतं दहा-बारा असतील. चौऱ्याऐंशी गेल्या. रात्रपाळी करून घरी जाणारे वॉचमन, हँडलला डबा लटकवलेला, प्लंबर, त्याच्या सायकलला सहा फुटी पाइप आडवा बांधलेला, शाळेची मुलं, एक कुल्फीवाला, हॉटेलात कामाला जाणारे पोरगे दोघे-दोघे एका सायकलवर, बायका फार थोड्या. हेल्मेट घातलेला माझ्यासकट एक. ट्रॅकवरून गेले अकरा आणि ते सगळे शाळकरी, ती मुलं सायकल उचलून टाकतात वर. वहीतली ती पानं मी फॉर्मला जोडली. साहेबांनी ती दोनदा बघितली आणि विचारलं, "एवढ्या? आपल्या इथे?" ते स्वतः रोज त्याच रस्त्याने येत होते.

आराखड्याची प्रिंटही नेली होती, २०१७चा मंजूर आराखडा, बघा यात हा रस्ता आहे. त्याचा शून्य उपयोग झाला. मंजूर आराखडा हा वेगळ्या टेबलाचा विषय आणि दुरुस्ती वेगळ्या टेबलाचा. उपयोग झाला व्हीलचेअरचा. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी व्हीलचेअरवर आहेत आणि त्यांचा मुलगा म्हणाला की अर्जात आमचंही लिही, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ आहे, त्याचा उल्लेख कर, सायकल म्हटलं की लोकांना हौस वाटते. मी केला. थोडी चलाखी होती कबूल आहे, पण खोटं काही नव्हतं, त्या आजी खरंच तिथून जाऊ शकत नव्हत्या. कामाचं नाव शेवटी झालं "रॅम्प करणे व बोलार्डमधील अंतर वाढविणे", सायकल हा शब्द त्यात नाही.

मग वाट बघणं. सप्टेंबरला फॉर्म दिला, मार्चमध्ये यादीत नाव दिसलं, एप्रिल गेला, मे गेला, पावसाळ्यात सिमेंटची कामं करत नाहीत, दिवाळीनंतर बघू. मी आठवड्यातून एकदा सायकलने जाताना कार्यालयात डोकावायचो, सकाळी साडेनऊला, कारण दहानंतर साहेब साइटवर. चिडून काही होत नाही हे मला दुसऱ्याच महिन्यात कळलं होतं, पण तिसऱ्या महिन्यात तरी मी चिडलोच, टेबलावर हात आपटला वगैरे, त्याची आजही लाज वाटते. पुढच्या आठवड्यात भेळ घेऊन गेलो. त्या मधल्या पावसाळ्यात मी सायकल सोडली नाही, एवढं मात्र केलं. रेनकोटची पँट, बुटांऐवजी सँडल, ऑफिसात एक जोडी बूट कायमचे, शर्ट बॅगेत प्लास्टिकमध्ये. पावसात ओलं होण्याचा त्रास वाटतो तेवढा नाही. त्रास आहे तो लाल रंग दिलेल्या पेव्हर ब्लॉकवर धरणाऱ्या शेवाळाचा, त्याच्यावर ब्रेक दाबला की गेलात. साधा डांबरी ट्रॅक केला तर स्वस्त पडतो, गुळगुळीत राहतो, शेवाळ कमी धरतो, पण डांबर केलं की तो रस्ता दिसतो आणि पार्किंग होतं म्हणतात. ब्लॉक केले तरी पार्किंग होतंच.

डिसेंबरमध्ये एका सकाळी जाताना बघितलं तर खडी-सिमेंटचा ढीग आणि दोन माणसं. मी इतका खूश झालो की ऑफिसला उशिरा येतो म्हणून फोन केला. मुकादमांनी संध्याकाळपर्यंत रॅम्प केलापण. कर्बला टेकून दोन फुटी सिमेंटचा उंचवटा. त्याच्यावर सायकल चढवली तर पुढचं चाक हवेत आणि पेडल घासतं, व्हीलचेअर तर उलटीच पडेल. रॅम्पला एकास बाराचा उतार लागतो, म्हणजे १५ सेंटीमीटर चढायचं तर १८० सेंटीमीटर लांबी, हे मी अर्जात लिहिलं होतं, साहेबांनी एस्टिमेटमध्येही घेतलं होतं, पण साइटवरच्या माणसाच्या हातात तो कागद नव्हताच. त्याला फक्त "रॅम्प करा" सांगितलेलं. मुकादमांचं म्हणणं, "साहेब, सगळीकडे असाच करतो आम्ही. बंगल्यांना असाच करतो, गाड्या चढतात." गाड्या चढतात, बरोबर आहे.

मी भांडलो नाही. माझी सायकल त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं चढवून बघा. त्यांनी लुंगी वर खोचली, टांग मारली, आणि चढताना हँडल वाकडं झालं तसे खाली पाय टेकवून म्हणाले, "हां. लांब पाहिजे." दुसऱ्या दिवशी फोडून पुन्हा केला. सहा फूट, गुळगुळीत, कडेला बोटांनी काढलेल्या रेघा घसरू नये म्हणून, त्या मी सांगितल्या नव्हत्या, त्यांनीच काढल्या. गल्लीच्या तोंडाचे दोन रॅम्पही तसेच झाले. एक खांब काढून फट एक मीटरची केली. त्यातून स्कूटर येतात का? येतात. सिग्नल लांबला की येतात, दिवसातून काही वेळा, आणि फाइलमध्ये त्याबद्दलचे अर्ज आले असणार. मला यावर उपाय माहीत नाही. चौकातला सिग्नल सुधारला तर त्या यायच्या थांबतील असं वाटतं, पण ते पाच लाखांत बसणारं काम नाही.

जानेवारीत परत वही घेऊन उभा राहिलो, मंगळवारीच, त्याच वेळेला. सायकली जवळपास तेवढ्याच, ब्याऐंशी. ट्रॅकवरून एक्केचाळीस. कुल्फीवाला ट्रॅकवरून गेला. टाइल्सवाले दादा दिसले नाहीत, त्यांचं त्या बाजूचं काम संपलं असेल. खालच्या मजल्यावरच्या आजींना त्यांचा मुलगा एकदा संध्याकाळी घेऊन आला, अर्ध्यापर्यंत, पुढे एका चाळीच्या बाहेर चार बाइक लावलेल्या होत्या म्हणून परत फिरले.

चौथं टोक राहिलंय. तो डीपी हलवायला वीजवाल्यांचं वेगळं एस्टिमेट लागतं, दुसऱ्या खात्याची परवानगी, आणि खर्च मर्यादेच्या बाहेर जातो. साहेबांची मध्यंतरी बदली झाली, नवीन साहेबांना पहिल्यापासून सगळं सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. मी पुन्हा फॉर्म भरलाय, यावेळी डीपीच्या डाव्या बाजूने ट्रॅक वळवून खाली उतरवता येईल का म्हणून, नकाशा स्वतःच काढलाय, मापं टाकलीत. तोपर्यंत तिथे उतरतो, सायकल हातात धरतो, अकरा पावलं चालतो आणि चौकात परत टांग मारतो.